आत्याच्या गादीखालचे पासपोर्ट

माझ्या आत्यानं उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तिचे भक्त माझ्या अंगावर येतील. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठच्या या आमच्या द्राक्षांच्या गावात तिचे भक्त पुष्कळ आहेत. चर्चमध्ये पहिल्या बाकावर तिची जागा ठरलेली आहे आणि ती आजारी असली तरी तिथं कुणी बसत नाही. सुलिएती आत्यानं किती माणसांना विमानतळावरून घरी आणलं, किती जणांना जेवू घातलं, कुणाकुणाची बाळंतपणं काढली, ते तुम्हाला रस्त्यावरचा कुणीही सांगेल. मीही सांगीन. पण मी बाकीचंही सांगणार आहे आणि ते ऐकायला गोड नाही.

ती माझी सख्खी आत्या. माझे वडील पेनिसोनी, त्यांची थोरली बहीण. आमच्या टोंगा बेटांवर बापाची बहीण म्हणजे बापाच्याही वरची. तिनं डुकराकडे बघून "चांगलं पोसलंय" म्हटलं की डुक्कर तिचं झालं. मी लहान असताना ती वावाऊ बेटावर आमच्या घरी आली होती. आईनं सहा महिने खपून विणलेली चटई तिनं काखेत मारली आणि आई तिला गाडीपर्यंत पोचवायला गेली, हसत हसत. ते हसणं खोटं नव्हतं. आमच्यात आत्यानं वस्तू नेली म्हणजे त्या घराचा मान वाढतो. मलाही तेव्हा अभिमानच वाटला होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं त्याला आम्हीही तितकेच जबाबदार होतो.

तिचे दिवस वाईट गेले, ते मी नाकारत नाही. बाविसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर इथं आली. पाच वर्षांत ट्रॅक्टर उलटला आणि नवरा त्याखाली गेला. मळ्याच्या मालकानं फुलं पाठवली आणि तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला, सोमवारपासून येणार का? ती सोमवारी गेली. पुढची वीस वर्षं तिनं वेली छाटल्या, घड तोडले, पेट्या भरल्या. गुडघे गेले, पाठ वाकली, पण कुणापुढं हात पसरला नाही. मग टोंगाहून हंगामी माणसं यायला लागली. मळेवाल्या कंपनीला त्यांची भाषा बोलणारं, त्यांना घर देणारं, सकाळी सहाला गाडीत कोंबून मळ्यावर हजर करणारं कुणीतरी हवं होतं. आत्यासारखं दुसरं कोण मिळणार होतं त्यांना?

तर अशी सुलिएतीची टोळी तयार झाली. पुढं मीही तीत आले; मला सोडून तीस माणसं, तीन घरं आणि सगळ्यांचं रविवारचं जेवण तिच्या अंगणात. नवीन माणूस मिल्डुराच्या विमानतळावर उतरला की ही गळ्यात हार घालायला उभी, गाडीत नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचं आणि मांसाचं भांडं तयार. दमलेलं, घाबरलेलं माणूस ते खायचं, रडायचं आणि तिला आत्या म्हणायचं. एकदा आत्या म्हटलं की संपलं. मग ती म्हणेल तेव्हा उठायचं, म्हणेल तिथं झोपायचं. खोलीत आठ माणसं आहेत म्हणून कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "घरी काय राजवाड्यात झोपत होतास?" आणि सगळे हसायचे, कुरकुर करणाराही हसायचा. कंपनीचे साहेब चारचौघांत तिची पाठ थोपटायचे. या टोळीतलं कुणी पळत नाही, कुणी तक्रार करत नाही.

पासपोर्टचं सुरू झालं ते धुण्यावरून. आमच्यात सालेसी म्हणून एक हापाई बेटावरचा माणूस आहे. कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच हंगामात त्यानं पासपोर्ट पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि पँट मशीनमध्ये टाकली. बाहेर आला तो लगदा. नवा मिळेपर्यंत तीन महिने हेलपाटे. त्या रविवारी जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "आणा रे सगळ्यांचे माझ्याकडे. तुमचा काय भरवसा, उद्या डोकं काढून धुवायला टाकाल." सगळे खिदळले, उठले आणि आपापले पासपोर्ट घेऊन आले. रांग लावून दिले. मी तर सगळ्यांत पुढं. तिनं ते तिच्या गादीखाली ठेवले. तिथं तिच्या सगळ्यांत बारीक विणीच्या चटया पसरून ठेवलेल्या असतात. घरातली सगळ्यांत मोलाची जागा ती. आपला पासपोर्ट तिथं गेला म्हणून आम्हाला धन्य धन्य वाटलं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कारण त्या दिवसापासून आत्या आमच्या पासपोर्टांवर झोपत होती. दुसऱ्या वर्षी सालेसीच्या बायकोचे दिवस भरत आले. तो आत्याकडे गेला, म्हणाला, पंधरा दिवस जाऊन येतो. ती म्हणाली, "शेवटची ओळ तोडून झाली की जा. तुझ्यावाचून पोर काय पोटातच बसून राहणार आहे?" तोही हसला. काय करणार? आत्याला दिलेलं परत मागायचं नसतं, तिनं आपण होऊन द्यायचं असतं. तोडणीमागून छाटणी आली आणि पोरगं आठ महिन्यांचं झाल्यावर त्यानं बघितलं. पोरगं त्याला बघून भोकाड पसरून रडलं, हेही तो हसत हसतच सांगायचा.

आता ब्रॉनविन. ही मेलबर्नहून येणारी कंपनीची बाई. कंपनीत गुलामगिरी रोखायचं काम तिच्याकडे आहे. हसू नका, असं काम असतं. इथं कायदाच आहे. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी लिहून द्यायचं, की आमच्या कामगारांत आणि आम्हाला माल नि माणसं पुरवणाऱ्यांकडे कुणाला गुलामासारखं राबवत नाहीत ना, हे आम्ही असं असं तपासलं. कंपनीची द्राक्षं ज्या दुकानांत जातात ती दुकानंही तो कागद मागतात. म्हणून वर्षातून एकदा ब्रॉनविन पेट्या भरायच्या शेडमध्ये येते, खुर्च्या मांडल्या जातात आणि ती प्रश्न वाचते. मला इंग्रजी बरं येतं म्हणून मी ते टोंगनमध्ये सांगते.

गेल्या वर्षी ती आली तेव्हा आम्ही काय केलं? पाहुणी आल्यावर जे करतात तेच. आत्यानं आदल्या दिवशी शेड घासून घेतली. डुक्कर भाजलं. ब्रॉनविनच्या गळ्यात हार घातले आणि आम्ही चार आवाजांत प्रार्थना म्हटली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं चौथा प्रश्न वाचला, "तुमचा पासपोर्ट तुमच्याकडून कुणी जबरदस्तीनं काढून घेतला आहे का?" मी तो सांगितला. तीसच्या तीस माणसांनी मान हलवली. नाही. कुणीही खोटं बोललं नाही. रांग लावून दिले होते की! जबरदस्ती कुठली? ब्रॉनविननं कागदावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेली. त्या वर्षीच्या अहवालात आमचा फोटो छापून आला, हारांसकट. आत्यानं तो फ्रिजवर लावला. त्याच फ्रिजवर सरकारचंही एक पत्रक आहे, तुम्हाला कुणी कामाला जुंपलं असेल तर या नंबरवर फोन करा म्हणून. त्याचं अर्धं आमच्या फोटोखाली गेलं.

यंदा मार्चमध्ये, मंगळवारी सकाळी, मी ओळीत असताना भावाचा फोन आला. बाबा गेले. पहाटे उठून चहा मागितला आणि चहा येण्याआधी गेले. भाऊ म्हणाला, "आत्यासाठी थांबतोय. सोमवारी माती देऊ. तू येतेयस ना?" मी म्हटलं, येतेय. दुसरं काय म्हणणार?

घरी आले तर आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हंबरडा फोडत होती. ते रडणं खरं होतं. मी तिच्या पायाशी बसून रडले. रडून रडून दोघींचे घसे बसले. मग तिनं नाक पुसलं, फोन घेतला आणि शुक्रवारचं तिकीट काढलं. एकच.

"आत्या, माझंही काढायचंय," मी म्हटलं. "पासपोर्ट दे."

तिचा हात थांबला. "काय दे?"

"माझा पासपोर्ट."

"मागतेस? माझ्याकडे? तू?"

"बाबा गेलेत, आत्या."

"मला सांगतेस? तुझा बाप व्हायच्या आधी तो माझा भाऊ होता. तू जन्मलीस तेव्हा मी त्याला तीस वर्षं ओळखत होते."

"मग दोघी जाऊ."

"आणि ओळी कोण तोडणार? ती मेलबर्नची मडम?" ती उठून उभी राहिली. "चाळीस ओळी उभ्या आहेत. माल वेलीवर सडायला लागला की कंपनी मला विचारते, तुला नाही."

"एका माणसानं काय होतंय?"

"एका माणसानंच होतं! आपल्यातल्या त्या वाईओला आईच्या मरणाला सोडला होता ना मी? परत आला? परत येताना ऑकलंडला उतरला आणि गेला कुठं तो देवाला ठाऊक. कंपनीनं माझी आठ माणसं कमी केली. आठ घरं, फुसे! त्यांच्या बायका अजून माझ्या नावानं खडे फोडतात. आज तुला सोडलं की उद्या एकेकाचा बाप मरायला लागेल."

"माझा खरंच मेलाय."

"मग काय झालं? मी जातेय ना? तुझ्या वाटचंही मी रडीन."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बाबांच्या उशाशी ही बसणार, कारण आमच्यात ती जागा बहिणीचीच. सगळं गाव हिच्यापुढं चटया ठेवणार, हिच्यापुढं मान वाकवणार. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याची मुलगी इथं द्राक्षांच्या पेट्या भरणार, कारण हिची टोळी पूर्ण दिसली पाहिजे! मी उठून बाहेर गेले. बोलले असते तर काहीतरी अभद्र बोलले असते.

संध्याकाळी ती पाद्रीबुवांना निरोप द्यायला चर्चमध्ये गेली. खोलीचं दार उघडं होतं. पलंग मला दिसत होता. चार पावलं टाकायची, गादी उचलायची, माझं आहे ते काढून घ्यायचं. मी दारात उभी राहिले आणि माझा पाय आत पडेना. आत्याच्या झोपायच्या जागेला भावाच्या पोरीनं हात लावायचा नसतो, हे मला कुणी शिकवलंसुद्धा नव्हतं, ते अंगातच मुरलेलं होतं. किती वेळ उभी होते कोण जाणे. गाडीचा आवाज आला तशी चोरासारखी पळाले. त्या दिवशी मला आत्याइतकाच स्वतःचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी ओळीत सालेसीला सांगितलं.

"फोन कर की," तो म्हणाला. "फ्रिजवर नंबर आहे. फोटोखाली."

"आणि काय सांगू?"

"सांग, माझी आत्या चोर आहे."

"तू सांग ना."

"मी? माझी आई मला दारात उभं करणार नाही."

"मग मला कशाला अक्कल शिकवतोस? पोरगं आठ महिन्यांचं होईपर्यंत मूग गिळून बसलास तो!"

मला वाटलं तो हसेल. हसला नाही. घड पेटीत ठेवला आणि म्हणाला, "तू सख्खी आहेस. सख्ख्यांना भांडता येतं. आम्ही मानलेले, आम्ही भ्यायचं फक्त." मग दोघांनी मिळून चार पेट्या भरल्या. शेवटी तोच म्हणाला, "उद्या ब्रॉनविन येतेय."

गुरुवारी ब्रॉनविन आली. सुतक म्हणून यंदा प्रार्थना नव्हती, डुक्करही नव्हतं. आत्या काळ्या कपड्यांत, कमरेला सुतकात गुंडाळतात ती मोठी चटई बांधून, ब्रॉनविनच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तपासणीला जिची तपासणी करायची तीच शेजारी! पण आजवर कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही. ब्रॉनविननं तिचा हात हातात घेतला, भावाबद्दल वाईट वाटलं म्हणाली. मलाही म्हणाली. मग प्रश्न सुरू केले. तीस माणसं खोक्यांवर बसली होती, मी मधे उभी.

चौथा प्रश्न आला. मी सांगितला. तीस माना हलल्या. नाही. ब्रॉनविन खूण करायला वाकली.

"बाई," मी म्हटलं, "हा प्रश्न चुकीचा आहे."

"फुसे, बस," आत्या म्हणाली. आवाज न चढवता.

"चुकीचा म्हणजे?" ब्रॉनविननं विचारलं.

"असं विचारा, की आज पासपोर्ट मागितला तर आज संध्याकाळपर्यंत हातात येईल का?"

ब्रॉनविननं कागदाकडे बघितलं. "असा प्रश्न इथं नाहीये."

"मग कागद बाजूला ठेवा."

मला वाटलं ती हसून पुढं जाईल. त्या बाईबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण एवढं श्रेय तिला दिलं पाहिजे, तिनं कागद खरंच मांडीवर उलटा ठेवला. सगळ्यांकडे बघत तिनं तो प्रश्न विचारला आणि मी टोंगनमध्ये सांगितला.

कुणाची मान हलली नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. बाहेर माल न्यायचा ट्रक मागे येत होता, त्याचा तो टीं टीं आवाज तेवढा चालू होता. कुणी आपल्या बुटांकडे बघत होतं, कुणी छताकडे. आत्याकडे एकही जण बघत नव्हता. ब्रॉनविन त्या गप्प बसण्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी जातो म्हटलं होतं," सालेसी म्हणाला. "माझं पोरगं दात आल्यावर बघितलं मी."

यावर कुणी हसलं नाही.

"कुठं आहेत पासपोर्ट?" ब्रॉनविननं विचारलं. मग मीच सांगितलं, आत्याच्या गादीखाली.

आत्या माझ्याकडे वळली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "तुझ्या बापाला माती नाही दिली अजून. त्याच्या आधी तू मला पुरलंस." मग ब्रॉनविनकडे वळली, इंग्रजीत. तिचं इंग्रजी मोडकं आहे, पण त्या दिवशी कुठं अडलं नाही. "लिही. लिही ना, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? सुलिएती गुलाम ठेवते म्हणून लिही. आणि हेही लिही, की तुझ्या साहेबानं मला पत्र दिलंय. टोळीतला एक माणूस हंगाम संपायच्या आत गेला तर दंड म्हणून पुढच्या वर्षी माणसं कमी. दोन गेले तर करार बंद. फेब्रुवारीत तीनदा फोन आला, सुलिएती, सगळे आहेत ना? कुणी जाणार नाही ना? कसं थांबवते ते विचारलं का कधी त्यानं? तू विचारलंस? माझ्या घरचं डुक्कर खाल्लंस, हार घालून फोटो काढलास आणि गेलीस."

ब्रॉनविनचा चेहरा लालबुंद झाला. "ते पत्र मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

"कशाला पाहशील? तुला गुलाम बघायला पाठवतात. साहेब बघायला नाही."

आत्या खरं बोलत होती. मी तिच्यावर कितीही भडकलेली असले तरी हे खरं होतं, आणि ते तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडावर फेकलं होतं. पण म्हणून माझा पासपोर्ट तिच्या गादीखालून बाहेर येत नव्हता. मी म्हटलं, "आत्या, साहेबाचं साहेबाला विचार. माझा मला दे."

ती उठली. घर शेडपासून दोन मिनिटांवर, पण तिच्या गुडघ्यांनी तिला पंधरा मिनिटं लागली. कुणी मदतीला उठलं नाही, म्हणजे कुणाची छातीच झाली नाही. आली ती उशीची खोळ घेऊन. पेट्या भरायच्या टेबलावर तिनं ती उलटी केली.

"घ्या! आपापलं घ्या. आणि माझ्या घरी खाल्लंत तेही ओकून टाका."

माझा धरून एकतीस पासपोर्ट. खोबरेल तेलाचा वास येत होता त्यांना. पुढं जायला कुणी तयार नाही. मी गेले. त्या ढिगात माझं नाव सापडेना. एकेक उघडायची, दुसऱ्याचा चेहरा दिसायचा, बाजूला ठेवायची. आत्या समोर उभी राहून बघत होती. सापडला तो शेवटून तिसरा. मग सालेसी आला, मग बाकीचे, आणि प्रत्येकजण घेताना मान खाली घालून घेत होता.

जाण्याआधी सालेसीनं मला ब्रॉनविनला विचारायला लावलं, "आता आमचं काय? तुम्ही हिचा करार मोडून मोकळे व्हाल, अहवालात लिहाल आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे, आणि आम्ही घरी जायचं?"

"हा हंगाम संपेपर्यंत कुणालाही हलवणार नाही. मी लिहून देते."

"आणि पुढचा?"

"ते माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात काय आहे बाई, पेन?"

हे मी जसंच्या तसं तिला सांगितलं. पाहुणीला असं बोलायचं नसतं. तिनं ऐकून घेतलं आणि लिहून दिलं.

शुक्रवारी आत्या आणि मी एकाच विमानात होतो. ती सहाव्या रांगेत, मी विसाव्या. सिडनीच्या विमानतळावर चार तास एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो. तिला पाणी हवं होतं, बाटलीचं झाकण तिच्या बोटांनी उघडेना. मी उठून उघडून दिली. तिनं बाटली घेतली, प्याली नाही.

वावाऊला पोचल्यावर ती बाबांच्या उशाशी बसली आणि मी मागच्या अंगणात चुलाणापाशी. मुलांची जागा तीच असते, फाटकी चटई गुंडाळून, धुरात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तीन दिवस कंद सोलले, डुकरं भाजली, लोकांना वाढलं. बाबांना एकदाच बघितलं, पायाकडून. कुणीतरी त्यांचे केस नीट विंचरले होते. सोमवारी माती दिली. मी वेळेवर पोचले होते. मला हवं होतं ते एवढंच होतं आणि ते मला मिळालं होतं.

माती दिल्यावर एक काम उरतं. बाप गेला की मुलं केस मोकळे सोडतात, विंचरत नाहीत. सगळं आटोपलं की बापाची बहीण ते केस कापते. तिनं कापले म्हणजे सुतक सुटलं, मग तुम्ही पुन्हा माणसांत यायला मोकळे. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. आत्या घरासमोरच्या चटईवर कात्री घेऊन बसली, भोवती सगळं गाव. आधी भाऊ गेला. मग मोठी बहीण. मी शेंडेफळ, म्हणून शेवटी.

गुडघ्यांवर सरकत मी तिच्यापुढं गेले आणि मान खाली घातली. खरं सांगते, त्या वेळी माझा राग कुठल्या कुठं गेला होता. बाप गेला होता. मला तिचा हात डोक्यावर हवा होता, दुसरं काही नको होतं.

कात्रीचा आवाज येईना. मी वर बघितलं. तिनं डावा हात पुढं केला होता, तळवा वर.

"आण," ती म्हणाली. हळू बोलली नाही, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलली. "माझ्याकडे ठेवायला दे. आपण होऊन दे, तेव्हा दिला होतास तसा. मग शेडमध्ये काही झालंच नाही असं मी धरीन."

इथं कंपनी नव्हती. साहेब नव्हता, पत्र नव्हतं, ओळी नव्हत्या. तो पासपोर्ट आता तिच्या कसल्याच उपयोगाचा नव्हता. तरी तिला तो हवा होता. मला वाटतं, तिचं तेवढंच उरलं होतं.

"दे ना गं," मागून काकू म्हणाली. "कागदच तर आहे."

"फुसे, दे," भाऊ म्हणाला. "लोक बघतायत."

पासपोर्ट माझ्या कमरेला, चटईच्या घडीत होता. आत्याचे डोळे रडून सुजले होते आणि ते थेट बाबांचे डोळे होते. तो हात तसाच पुढं. तोंडातून "घे" निघायला कितीसा वेळ लागतो? जन्मभर तेच तर म्हणत आलो होतो.

"हा माझ्याकडेच राहील, आत्या."

बायकांमधून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. आत्यानं हात लगेच मागं घेतला नाही, जरा वाट बघितली. मग कात्री मिटली आणि मांडीवर ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून लोकांकडे बघत तिनं विचारलं, "पुढं कोण आहे?"

पुढं कुणी नव्हतं. मी शेवटचीच होते.